जैनबचा आत गेलेला डोळा

“मान हलवू नकोस. नुसते डोळे डावीकडे ने,” मी म्हटलं.

जैनबचा उजवा डोळा माझ्या बोटामागोमाग निमूट डावीकडे गेला. डावा जागचा हलला नाही. पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. बोट वर नेलं, खाली नेलं. उजवा डोळा फिरत होता, डावा नुसता थरथरत होता. शिवाय तो उजव्यापेक्षा चांगलाच आत गेलेला होता. पापणीसुद्धा अर्धवट खाली आलेली.

“डाक्टरीणबाई, पोरीला कवायत कशाला करायला लावता?” दाराशी फतकल मारून बसलेली तिची सासू म्हणाली. मरियमबी तिचं नाव. “अख्ख्या वाडीला ठाव हाय तिला काय झालंय. नवरा दर्यावर. रडून रडून डोळा खोल गेलाय. शक्तीची दवा द्या, आमी जातो.”

“रडून दोन्ही डोळे खोल जातात, मरियमबी. एकच कसा गेला?”

म्हातारीने जरा विचार केला. “ती त्या कुशीवर निजते,” ती म्हणाली.

मी कपाळाला हात लावला.

ही गोष्ट मोठ्या लढाईच्या आधीची, तिसाव्या सालानंतरची. मी तेव्हा मुरूडच्या बाजूला एका दवाखान्यात बायकांची डॉक्टर होते. डिलिव्हरी, हिवताप, पोरांचे खोकले, हेच आमचं रोजचं काम. जैनब आगरदांड्याजवळच्या वाडीतली. तिचा नवरा इब्राहिम आगबोटीवर आगवाला होता. आगवाला म्हणजे बोटीच्या पोटात भट्टीपुढे उभा राहून कोळसा लोटणारा. एकदा गेला की वर्षावर वर्षं जात. त्या वाडीत बहुतेक घरांतून असंच. बायका सारख्या समुद्राकडे बघायच्या, आणि तुम्ही पाहिलंत की भांडी घासतोय असं दाखवायच्या.

जैनब स्वतः डोळा आत गेला म्हणून आलीच नव्हती. तिला एकाच्या दोन वस्तू दिसत होत्या. “चुलीवर दोन तवे दिसतात, बाई,” ती म्हणाली. “भाकरी टाकायला जाते ती भलत्याच तव्यावर पडते. ही म्हणते माझं लक्ष न्हाय. लक्ष हाय, तवाच तिथं नसतो.”

हे ऐकून मला हसू आलं, तीही हसली. हसताना फार गोड दिसायची ती.

मी आत मोठ्या डॉक्टरांकडे गेले. आमचे मुख्य डॉक्टर, माणूस भला, पण पुस्तकाबाहेर पाऊल टाकायचं म्हणजे त्यांना ताप भरायचा. मी सगळं सांगितलं.

“अशक्तपणा असेल. टॉनिक द्या.”

“सर, अशक्तपणाने डोळ्याचं फिरणं थांबेल का? पापणीवरून दाबून पाहिलं. आत दगडासारखं लागतं. डोळ्यामागे काहीतरी आहे.”

“मागे गाठ असेल तर डोळा बाहेर यायला पाहिजे. आत कसा जाईल? जरा विचार करा.”

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. डोळा हाडाच्या खोबणीत बसलेला असतो, खाली-मागे चरबीची गादी. मागे काही वाढलं की जागा पुरत नाही आणि डोळा पुढे ढकलला जातो. असे बटाट्यासारखे पुढे आलेले डोळे मी कॉलेजात पाहिले होते. आत ओढला गेलेला मात्र एकही पाहिला नव्हता. मी तोंडात मारल्यासारखी परत आले.

परत आले तर जैनब जायच्या तयारीत, खांद्यावरून चादर घेत होती. एकाच हाताने. डावा हात तिने अंगाशी धरून ठेवला होता, आणि चादर नीट बसत नव्हती तरी तो वर नेत नव्हती.

“हात दुखतो?”

“न्हाय.”

“मग वर कर बघू.”

तिने मान खाली घातली. मी मरियमबीला बाहेर बाकावर बसायला सांगितलं. ती कुरकुरत गेली. मी दार लोटून घेतलं.

“मी डोळा दाखवायला आलेय,” जैनब म्हणाली. आवाज एकदम बदलला होता.

“मला माहीत आहे. मी बाईच आहे ना? दाखव.”

मग तिने पोलक्याच्या गाठी सोडल्या.

डाव्या छातीत गाठ होती. करवंटीसारखी टणक, बरगड्यांना धरून बसलेली. वरची कातडी आखडून नारिंगाच्या सालीसारखी झालेली आणि बोंडी आत ओढली गेलेली. काखेतही गाठी. तिची दोन्ही बाळंतपणं आमच्याच दवाखान्यात झाली होती, दोन्ही मुलं तान्हेपणीच गेली. दवाखाना तिला परका नव्हता. तरी ही बाई सगळं झाकून तव्यावरच्या भाकरीबद्दल बोलत होती.

“कधीची आहे?”

“माणूस निघायच्या आधीची.” मग तिने माझं मनगट घट्ट पकडलं. “पण ही गोष्ट त्याला कधी सांगायची न्हाय. शपथ घ्या.”

मी शपथबिपथ घेत नाही, पण मान हलवली. माझं लक्ष त्या आत ओढल्या गेलेल्या बोंडीवर होतं. छातीचा एक कर्करोग असा असतो की तो पसरतो त्यापेक्षा आक्रसतो जास्त. भाजलेल्या जागेचा व्रण जुना झाला की कातडी ओढून धरतो ना, तसा. हाच रोग रक्तातून डोळ्यामागच्या चरबीत जाऊन बसला असेल तर? तिथेही तो तेच करणार. डोळा पुढे ढकलणार नाही, मागे ओढणार.

मी पुन्हा मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत. ते ऐकत राहिले. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“हे पुस्तकात नाही,” ते म्हणाले.

“पेशंटमध्ये आहे, सर.”

“हं.” मग हळूच, “तुमचं बरोबर असेल. बरोबर नसतं तर बरं झालं असतं हो.”

तेवढ्या एका वाक्यासाठी मी त्यांची सगळी टॉनिकं माफ केली.

बरोबर असण्याचा अर्थ आम्हा दोघांना कळत होता. छातीतली गाठ मुंबईत कापून काढता आली असती. पण डोळ्यामागे रोग पोचला म्हणजे तो अंगभर फिरून आलेला. आंबा कुजल्यावर देठ काढण्यात काय अर्थ? रेडियमचा उपचार मुंबईत होता, तोही अशा केसला फार तर थोडं दुखणं हलकं करणार. तरी मी जैनबला विचारलं. जाशील का मुंबईला?

“आणि मी तिकडं असताना तो इकडं आला तर?” ती म्हणाली. “चुकामूक करू का? न्हाय.”

मी तिला खरं सांगितलं. आमच्या वेळी पेशंटला असं सांगत नसत, नातेवाइकांच्या कानात सांगत. मला ते कधी पटलं नाही. ज्याचं मरण त्यालाच बातमी नाही, ही कुठली रीत? ती शांतपणे ऐकत होती. रडली नाही. एकच बोलली.

“बरी न्हाय झाले तरी चालंल, बाई. मला टिकवा. तो येईस्तो टिकवा.”

आता इब्राहिमचा करार संपायला अजून वर्ष होतं. जैनबजवळ वर्ष नव्हतं. म्हणजे त्याला बोलवायला पाहिजे होतं. तार करायची, जहाज कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसातून ती पुढच्या बंदराला जाते, तो उतरतो आणि येतो. मला वाटलं, सोपं आहे.

सोपं कसलं! वाडीचा एक नियम होता. दर्यावर गेलेल्या माणसाला वाईट खबर कळवायची नाही. घर जळो, गुरं मरोत, बाप जावो. पत्रात एकच मजकूर, सगळं खुशाल. एका सारंगाला, म्हणजे बोटीवरच्या खलाशांच्या मुकादमाला, बापाचं मरण तो परत येऊन अंगणात ‘बा’ म्हणून हाक मारेपर्यंत माहीत नव्हतं. लोक म्हणत, वाईट खबर ऐकलेल्याचं चित्त ठिकाणावर राहत नाही आणि दर्या अशाच माणसाला ओळखून नेतो.

मरियमबीच्या घरी तर हा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तिचा नवरा फत्तेमारीवर तांडेल होता, म्हणजे त्या शिडाच्या जहाजाचा प्रमुख. रत्नागिरीच्या बंदरात त्याला कुणी सांगितलं की तुझी धाकटी मुलगी गेली. पुढच्याच खेपेला तो सुकाणूवरून पाण्यात पडला. झोप लागली की तोल गेला, कुणाला ठाऊक नाही. मरियमबीला मात्र पक्कं ठाऊक होतं.

मी वाडीत तिच्या ओटीवर गेले.

“तार? म्हंजे माझ्या पोराला भट्टीत ढकलू? एक घालवला खबरीपायी, आता दुसरा? तुमी दवा द्या. रडणं थांबलं की डोळा वर येल.”

“मरियमबी, दुखणं डोळ्याचं नाही.”

“तर मग कसलं?”

मी जैनबकडे पाहिलं. सांगायचं नाही ते इब्राहिमला, सासूचं काही ठरलं नव्हतं. जैनब उठली, सासूच्या हाताला धरून तिला आत घेऊन गेली. मी बाहेर ओटीवर उभी राहिले. बऱ्याच वेळाने मरियमबी एकटी बाहेर आली आणि खांबाला धरून खाली बसली.

“एका चटईवर निजतो आमी,” ती म्हणाली. “इतकी वर्सं. आणि मी तिला बोलत व्हते, रडतेस म्हणून.”

दुसऱ्या दिवशी ती पायी दवाखान्यात आली. पदराच्या टोकाने तोंड पुसलं आणि सरळ मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत घुसली. मी मागोमाग.

“तार धाडा. पण बीमार लिवायचं न्हाय. जैनबचं नाव तर काढायचंच न्हाय. लिवा, आई बोलावते, ये.”

“अहो, पण तुम्हीच मरायला टेकला आहात असं समजेल तो,” मोठे डॉक्टर म्हणाले.

“समजू दे. आईचं मरण माणूस सोसतो. माझं वय झालंय, त्याच्या मनाची तयारी हाय. तो नीट येल.”

मोठ्या डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “लिहा, सर.” खोटं तर काही नव्हतं. आई बोलावतच होती.

तार गेली तेव्हा शिमगा होऊन गेला होता. मग सुरू झालं वाट बघणं. आमच्याकडे यायचा रस्ता म्हणजे समुद्र. मुंबईहून आगबोट यायची, खाडीच्या तोंडाशी नांगर टाकायची आणि उतारू लहान मचव्यातून धक्क्यावर. वैशाखाच्या शेवटी वारा बदलला की कप्तान थांबायचा नाही, उतारूंना घेऊन तसाच पुढे जायचा. पाऊस लागला की बोटी बंद ते थेट नारळी पौर्णिमेपर्यंत. जमिनीवरून यायचं तर ओढे, खाड्या, चिखल. म्हणजे वैशाखाच्या आत आला तर आला.

दरम्यान जैनबची पाठ दुखायला लागली. हाडात शिरलं होतं. मी एक दिवसाआड वाडीत जायची, मॉर्फियाचं इंजेक्शन द्यायची. दोन-दोन दिसू नयेत म्हणून डाव्या डोळ्यावर पट्टी बांधायला सांगितली. तिने साफ नाही म्हटलं.

“असू दे की, बाई. आला तर दोन दिसतील. इतक्या वर्सांचं भरून निघंल.”

“वा ग वा! आणि दोघं जेवायला बसले तर?”

“एकाला तुमी वाढा.”

आम्ही दोघी हसत सुटलो. बाहेरून मरियमबी ओरडली, “काय चाललंय आत, दवा की तमाशा?”

एक सांगते. मी पंधराव्या वर्षी विधवा झाले. नवऱ्याचा चेहरा मला आठवतो तो फोटोतला. वडिलांनी हट्टाने शिकवलं, मी डॉक्टर झाले, लोक मान देत. पण कुणाची तरी वाट बघायची, त्याच्यावर मनातल्या मनात चिडायचं, तो येईल म्हणून केस विंचरून बसायचं, हे माझ्या आयुष्यात आलंच नाही. जैनब माझ्यासमोर मरत होती आणि मला तिचा हेवा वाटायचा. दवाखान्यात परत जाताना नारळीच्या बागांतून चालत मी कितीदा रडले आहे. कुणासाठी ते मला सांगता यायचं नाही.

एडनहून इब्राहिमची तार आली. ‘निघालो. आईला सांभाळा.’ मोठ्या डॉक्टरांनी ती स्वतः वाडीत जाऊन वाचून दाखवली. जैनबने पुन्हा वाचायला लावली. मरियमबी चुलीकडे तोंड करून म्हणाली, “मेल्याला माझीच काळजी.”

एक बोट आली, त्यात तो नव्हता. दुसरी वाऱ्यामुळे थांबलीच नाही. आमचा जीव टांगणीला. मी जैनबला इंजेक्शन थोडं कमी केलं होतं, कारण तिचं म्हणणं, औषधाने झोप येते आणि झोपेत असताना तो आला तर. ती दात आवळून पडून राहायची. तिसरी बोट येणार होती ती हंगामातली शेवटची, असं बंदरावर सांगत होते.

त्या सकाळी मरियमबी धक्क्यावर यायला निघाली. त्यांच्यातल्या बायका धक्क्यावर जात नसत. मी म्हटलं, तुम्ही थांबा, मी जाते.

“तार मी धाडली,” ती म्हणाली. “तोंड मीच दाखवीन.”

आम्ही दोघी आगरदांड्याला उभ्या. वारा चांगलाच होता. बोट थांबली. मचवा लाटांवर वरखाली होत यायला लागला. पुढच्या टोकाला एक उंच, काळवंडलेला माणूस उभा होता, बसा बसा म्हणून लोक ओरडत होते तरी उभा. जवळ आल्यावर त्याने धक्क्यावर पाहिलं. आणि तो मोठ्याने हसला. खरंच, खदखदून हसला.

“आई! तू तर उभी हायस!”

मचवा टेकायच्या आत त्याने कमरेएवढ्या पाण्यात उडी टाकली. धावत वर आला, आईला कवटाळलं, तिच्या डोक्यावरून, गालांवरून हात फिरवला. “मी तर कफनाचं कापड घेऊन आलोय, वेडे,” असं म्हणून पुन्हा हसला. एडनपासून छातीवर धरलेला दगड उतरला होता त्याच्या. मरियमबी नुसती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. माझ्या हातातल्या डॉक्टरी बॅगेकडे. पुन्हा आईकडे. त्याचं हसू हळूहळू उतरलं. असा चेहरा मी पुढे कितीतरी नातेवाइकांचा पाहिला, पण तो पहिला मी विसरू शकत नाही.

“आई,” तो म्हणाला. “मग कोण?”

उत्तराची वाट न बघता तो पळत सुटला. पेटी तिथेच, मचव्यात.

आम्ही पोचलो तेव्हा तो तिच्याजवळ जमिनीवर बसला होता, ओल्या कपड्यांनी. जैनब भिंतीला टेकून उठून बसली होती. बऱ्याच दिवसांनी बसली होती. मी उंबऱ्याशीच थांबले. वाटलं, तो आता मला विचारणार, हे कधीपासून, आणि मला तोंड चुकवावं लागणार.

पण जैनबच बोलली. मला जिने शपथ घ्यायला सांगितली होती तीच.

“तू निघालास तवा होती गाठ,” ती म्हणाली. “हरभऱ्याएवढी.”

“मला बोलली न्हायस.”

“बोलले असते तर गेला असतास?”

“न्हाय.”

“म्हणून न्हाय बोलले. किती दिवस मुंबईला बसून काम मिळालं व्हतं तुला.” ती थोडी थांबली, श्वास घेतला. “तू दिसेनासा झालास आणि तवापासून रोज वाटत व्हतं, बोलायला पायजे व्हतं. रोज.”

त्याने तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. हा एवढा भट्टीपुढे उभा राहणारा बाप्या, पोरासारखा रडला. आणि ती त्याच्या केसांतून बोटं फिरवत होती. कोळशाची पूड अजून होती केसांत. मी बॅग उचलली आणि मागल्या दाराने निघाले.

त्या रात्रीपासून तिला इंजेक्शन पुरेसं दिलं. ती पावसाळाभर टिकली, आम्हा कुणाची अपेक्षा नव्हती एवढी. मुंबईहून इब्राहिमला कंपनीचं बोलावणं आलं, पण बंदर बंद. चिखल तुडवत जाता आलं असतं. तो गेला नाही. तांदळाच्या भाकऱ्या थापायला शिकला, जाड आणि वेड्यावाकड्या. जैनब त्या खायची आणि मला म्हणायची, भट्टीवाल्याला चूल जमत न्हाय. नारळी पौर्णिमेच्या दोन-चार दिवस आधी ती गेली. त्याने आणलेलं कापड तिला लागलं.

मोठ्या डॉक्टरांनी ही केस मुंबईच्या एका डोळ्यांच्या तज्ज्ञाला लिहून कळवली. उत्तर आलं की असं होणं संभवत नाही. मोठ्या डॉक्टरांनी ते पत्र फाडून टाकलं. मला त्या दिवशी त्यांचा फार अभिमान वाटला.

पुढे तीस-बत्तीस वर्षं मी नोकरी केली. डोळ्याची तक्रार घेऊन बाई आली की मी दार लोटून घेई आणि आधी छाती तपासत असे. शिकाऊ डॉक्टरणी तोंड फिरवून हसत. हसोत. बहुतेक वेळा काही नसे, दोनदा निघालं. डोळ्यात दिसणारं दुखणं डोळ्यातलंच असतं असं नाही, एवढं मी त्यांना सांगायची. आणि पेशंट बायकांना आणखी एक सांगायची. दुखणं लहान आहे तोवर घरात बोला. त्यापायी माणूस थांबला तर थांबू दे. जहाजं पुष्कळ असतात.